नवऱ्याचं कर्ज, बायकोची सही आणि नादारीचा अर्ज

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं शेड, दोन सीएनसी मशीन, मोठ्या पार्टीनं काम काढून घेतलं आणि दीड वर्षात सगळं बसलं. फुलेवाडीचा फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यावर सहकारी बँकेचं १७ लाख बाकी, आणि त्याची नोटीस आलीय. मशीनवर ९ लाख. पतसंस्थेचं ६ लाख, त्याला दीर जामीनदार. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन मिळून साडेपाच. वर खासगी सावकाराचे ३ लाख, महिना ५ टक्क्यानं, सह्या केलेले तीन कोरे चेक देऊन. तुम्हाला शाळेत २४ हजार पगार. तुम्ही विचारलंय की नादारी, म्हणजे दिवाळखोरी, काढावी का, मिस्टरांचा फ्लॅटमधला हिस्सा माझ्या नावावर करून घेऊ का, कागदोपत्री घटस्फोट घ्या असं एकजण सांगतोय ते खरं का, आणि हे फोन कसे थांबवायचे.

मी बरीच वर्षं कर्जदारांच्या बाजूनं हीच कामं करतोय, म्हणून स्पष्टच सांगतो. नादारीचा अर्ज करता येतो, पण तुमच्या केसमध्ये तो पहिलं पाऊल नाही, शेवटचं आहे. त्यानं फ्लॅट वाचणार नाही आणि दीरही वाचणार नाहीत. तुम्हाला वाचवेल ते म्हणजे फ्लॅट स्वतःच्या हातानं, चांगल्या भावात, वेळेत विकणं. हे ऐकायला किती जड आहे ते मला माहीत आहे, तरी पूर्ण वाचा.

यूट्यूबवर बघून लोक येतात की २०१६ चा नवीन कायदा आलाय, फ्रेश स्टार्ट का काय ते आहे, कर्ज माफ होतं. तो कायदा आहे, पण माणसांच्या वैयक्तिक नादारीचा त्यातला भाग अजून सगळ्यांना लागू केलेला नाही, फक्त कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक गॅरंटी दिलीय त्यांना डिसेंबर २०१९ पासून लागू झालाय. तुमचे मिस्टर प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचे एकटे मालक, कंपनी नाही, म्हणजे त्यांना तो नाही. आणि ते फ्रेश स्टार्ट जरी उद्या चालू झालं तरी त्याची कर्जाची मर्यादा ३५ हजार रुपये आहे, म्हणजे तुमच्या कामाचं नाहीच. कोल्हापूरच्या माणसाला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो, अर्ज आपल्या कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत.

त्या अर्जात काय करावं लागतं बघा. सगळ्या देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांची, नावं, पत्ते, रकमा, आणि स्वतःची सगळी मालमत्ता, कुठं आहे, किती किमतीची आहे, हे शपथेवर लिहून द्यायचं आणि ती सगळी कोर्टाच्या हवाली करायची तयारी आहे असंही लिहायचं. देणेकऱ्यांना नोटिसा जातात. कोर्टानं नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जाते, आणि मग कोर्टाच्या परवानगीशिवाय साध्या देणेकऱ्याला त्यांच्यावर दावा लावता येत नाही, हा खरा फायदा. अटकेपासून संरक्षण मागता येतं, तेही मिळू शकतं. पण ज्याच्याकडे तारण आहे त्याला हे काहीच आडवं येत नाही, तो आपलं तारण विकून मोकळा होतो. म्हणजे फ्लॅटची बँक आणि मशीनची बँक दोघीही बाहेर. आणि शेवटी जो डिस्चार्ज मिळतो, म्हणजे कर्जातून सुटका, ती आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. तीन वर्षांचे धंद्याचे हिशेब नीट ठेवलेले नसतील, किंवा आता फिटणार नाही हे कळूनही धंदा चालू ठेवला असेल, तर कोर्ट पूर्ण सुटका देत नाही, पुढं ढकलतं नाहीतर अटी घालतं. सरकारी देणी तर डिस्चार्जनंतरही राहतात. आणि जामीनदार सुटत नाही! कर्जदार सुटला की पतसंस्था सरळ दिरांच्या दारात. नवरा-बायकोचा एकत्र अर्जही नसतो, ज्याचं त्याचं वेगळं.

आता तुमची भीती, की नवऱ्याच्या कर्जात माझं पण जाणार का. लग्न झालं म्हणून कर्ज अंगाला येत नाही, सही केली म्हणून येतं. फ्लॅटच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार आहात, तिथं तुम्ही पूर्ण रकमेला जबाबदार, निम्म्याला नाही. मशीन, पतसंस्था, कार्ड, पर्सनल लोन, सावकार, यात तुमची सही नाही असं तुम्ही लिहिलंय, पण हे आठवणीवर सोडू नका, पतसंस्थेकडून कर्जाच्या कागदांच्या प्रती लेखी मागा, कारण बरेचदा "इथं एक सही करा वहिनी, फॉर्म्यालिटी आहे" म्हणून जामीनदाराच्या रकान्यात सही घेतलेली असते आणि ते घरात कुणाच्या लक्षातही नसतं.

सही नाही तिथं तुमचा पगार, तुमचं खातं, तुमचे माहेरचे दागिने यांच्याशी त्या देणेकऱ्याचा संबंध नाही. दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले फोटो काढून ठेवा. मंगळसूत्राला तर तसाही हात लागत नाही, कोर्टाच्या जप्तीतून ते, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, कारागिराची हत्यारं वगळलेली आहेत. पीएफ वगळलेला आहे. एलआयसीची रक्कम पण वगळलेली आहे, आणि मिस्टरांच्या पॉलिसीवर विवाहित स्त्री संपत्ती कायद्याचा शिक्का असेल, १८७४ चा कायदा आहे तो, तर ती पॉलिसी तुमची आणि मुलांचीच समजतात. बॉण्ड काढून बघा.

आणि समजा, फ्लॅट विकूनही कर्ज उरलं आणि बँकेनं तुमच्यावर हुकूमनामा, म्हणजे पैसे भरायचा कोर्टाचा आदेश, घेतला, तरी पूर्ण पगार जात नाही. पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. २४ हजारात धरा १६,३३३ तुमचेच, जास्तीत जास्त ७,६६७ कापता येतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला दिवाणी तुरुंगात टाकताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६. मिस्टरांनाही नुसते पैसे नाहीत म्हणून टाकता येत नाही, ऐपत असून मुद्दाम देत नाही हे दाखवावं लागतं, १९८० सालीच सुप्रीम कोर्टानं हे सांगितलंय. तेव्हा "उद्या पोलीस घेऊन येतो" असं जो फोनवर बोलतो तो घाबरवतोय, बाकी काही नाही.

एक लगेच करा, तुमचा पगार ज्या बँकेत होतो तीच फ्लॅटची बँक असेल तर पगार दुसऱ्या बँकेत वळवा, आणि मिस्टरांबरोबरच्या जॉइंट खात्यात तुमचा पैसा ठेवू नका. हे लपवणं नाही, तुमचा पगार आहे, खातं तुमच्या नावावर आहे, सगळं उघड आहे.

फ्लॅटचा हिस्सा नावावर करून घेणं मात्र लपवणंच. बक्षीसपत्राला नवरा-बायकोत मुद्रांक कमी लागतो म्हणून लोक पटकन करून टाकतात. पण देणेकऱ्यांना चुकवायला केलेला व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं, आणि मोबदला न घेता दिलेली मालमत्ता दोन वर्षांच्या आत नादारी झाली तर रिसिव्हर ती परत ओढतो. वर मिस्टरांच्या प्रामाणिकपणावर जो डाग पडतो तो डिस्चार्जच्या वेळी नडतो. बँकेचा बोजा तर तसाच राहतो, कुणाच्याही नावावर करा. मिळवलं काय मग? घटस्फोटाचं तसंच. परस्पर संमतीच्या अर्जात एक वर्ष वेगळे राहतोय असं शपथेवर लिहावं लागतं, तुम्ही एकत्र संसार करत ते लिहिणार, म्हणजे खोटी शपथ, आणि फ्लॅटच्या कर्जावरची तुमची सही घटस्फोटानं पुसली जात नाही. ज्यानं हा सल्ला दिला त्याला परत विचारू नका.

आता फ्लॅट का विकायचा ते आकड्यात बघू. तुम्ही लिहिलंय बाजारभाव ३२ लाखाच्या आसपास. बँकेचे १७ गेले, राहिले १५. मशीन विकून समजा ७ आले, ९ मधले २ कमी पडले, ते भरले, राहिले १३. पतसंस्थेचे ६ भरले की दीर सुटले, राहिले ७. कार्ड आणि पर्सनल लोनला तारण नसतं आणि खातं बरेच महिने थकलं की ते लोक तडजोडीला तयार होतात, पण धरून चाला की पूर्ण साडेपाचच गेले, तरी दीड उरतात. दलाली, टॅक्स, शिफ्टिंग यात त्यातले बरेच जातील, भांडवली नफ्याचं सीएला विचारून घ्या. सावकाराचं यात धरलं नाही, त्याचा हिशेब खाली वेगळा सांगतो. म्हणजे हातात काही राहत नाही, पण मोठं देणंही राहत नाही. याला नादारी म्हणत नाहीत ताई. तुम्ही नादार नाही आहात, तुमचा पैसा भिंतीत अडकलाय.

हेच लिलावात गेलं तर? लिलावाची राखीव किंमत बहुतेक वेळा बाजारापेक्षा खाली असते, खर्च तुमच्या खात्यावर, व्याज चालूच. ३२ चे २५ झाले की वरचा सगळा हिशेब कोलमडतो, आणि मग खरोखर नादारीची वेळ येते.

म्हणून वेळापत्रक समजून घ्या. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. मग सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, तुम्हाला आलीय ती बहुतेक हीच. काहीजण सांगतात सहकारी बँकेला सरफेसी लागत नाही, ते विसरा. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी लागतो म्हणून निकाल दिलाय. या ६० दिवसांत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. हरकतीबरोबरच दोघांच्या सहीनं पत्र द्या की आम्ही फ्लॅट स्वतः विकून पूर्ण रक्कम भरतो, इतके महिने द्या, आणि गिऱ्हाईक मिळालं की बँकेत बसूनच व्यवहार करू. माझा अनुभव असा आहे की ताबा घेण्याची कटकट बँकेलाही नको असते, बयाण्याचा कागद दिसला की मॅनेजर ऐकतो. नाही ऐकलं आणि १३(४) खाली ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत पुण्याच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, लिलावाची नोटीस प्रसिद्ध व्हायच्या आधी पूर्ण भरलं तर फ्लॅट सोडवता येतो, प्रसिद्ध झाल्यावर तो हक्क राहत नाही.

पतसंस्थेची गाडी वेगळ्या रस्त्यानं येते. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि मग तिचा वसुली अधिकारी जप्ती करतो. तिथं सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहून व्याजाच्या आकड्यावर बोलायचं, कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध रिव्हिजनला, म्हणजे फेरतपासणीला, जायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ती कुठनं आणणार. आणि दिरांना आजच सांगा. त्यांना पगारातून कपात झाल्यावर कळलं तर ते घर कायमचं तुटतं, आधी सांगितलं तर चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण सुनावणीला बरोबर येतील.

सावकार. त्याच्याकडे परवाना आहे का हे सहायक निबंधक कार्यालयात कळतं, बहुतेक नसेलच. परवाना असलेल्यालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि हा महिन्याला ५, म्हणजे वर्षाला ६० घेतोय. दोन वर्षं महिना १५ हजार प्रमाणे तुम्ही ३ लाख ६० हजार दिलेत. १८ टक्क्यानं ३ लाखाचं दोन वर्षांचं व्याज होतं १ लाख ८ हजार. बाकीचे अडीच लाख मुद्दलात गेले असं धरलं तर उरतात पन्नास हजारांच्या आत. आणि परवाना नसेल तर त्याला कोर्ट वसुलीचा हुकूमनामाच देत नाही, उलट २०१४ च्या सावकारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे, लेखी. पण आधी पुरावा गोळा करा, यूपीआयच्या नोंदी, मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, कुठल्या तारखेला कुठं रोख दिले त्याची यादी. तो घरी येऊन दमदाटी करत असेल तर पोलिसात पण जा, दोघं मिळून जा.

त्याचं खरं हत्यार ते कोरे चेक आहेत. चेक बाऊन्स झाला की तो ३० दिवसांत नोटीस पाठवणार, मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे नाहीत तर कलम १३८ ची फौजदारी केस. म्हणून पोस्टमनला "घरात कुणी नाही" सांगून रजिस्टर परत पाठवू नका, परत गेलं तरी बजावलं असंच समजतात आणि तुमची उत्तर द्यायची संधी तेवढी जाते. नोटीस घ्या, १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या की चेक कोरा होता, सिक्युरिटी म्हणून दिला, इतके पैसे परत केलेत, परवाना नाही. चेकच्या मागं कायद्याचं गृहीतक त्याच्या बाजूनं असतं, पण ते खोडता येतं, आणि खोडायला वरचाच पुरावा लागतो.

फोनचं सांगतो. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, नातेवाईक, शेजारी, ऑफिस यांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा नियम आहे. तुम्ही लिहिलंय शाळेच्या ऑफिसात फोन आला आणि क्लार्कनं सगळ्यांसमोर तुम्हाला बोलावलं. ही सरळ तक्रार आहे. बँकेला ईमेल करा, तारीख, वेळ, नंबर, कोण काय बोललं. ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर, फुकट आहे, १४४४८ वर फोन करून मराठीत पण माहिती मिळते. आणि फोनवर रडायचं नाही, भांडायचं नाही, एकच वाक्य: "तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा, बँकेनं दिलेलं अधिकारपत्र ईमेल करा, या कर्जावर माझी सही नाही, मिस्टर सकाळी ११ ते १२ बोलतील." आणि मिस्टरांनी ११ ते १२ खरंच बोलायचं. फोन बंद ठेवला की बाहेर असा अर्थ निघतो की माणूस पळाला, आणि मग सगळे एकदम घरावर येतात. कुणालाही फोनवर तारीख कबूल करायची नाही, देणार असाल तेच लेखी लिहायचं.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती, की अजून काही कर्ज आहे का हे विचारायची भीती वाटते. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत हेच असतं हो, नवऱ्यानं दोन आकडे लपवलेले असतात, बायकोनं एक गंठण मोडलेलं असतं, आणि दोघं एकमेकांना वाचवायला खोटं बोलत असतात. कर्जापेक्षा यानं जास्त संसार मोडताना बघितलेत. रविवारी मुलं आजीकडे पाठवा आणि एक वही घेऊन बसा. एका पानावर एक देणं, वर नाव, खाली कधी घेतलं, किती दिलं, किती राहिलं, सही कुणाची, जामीन कोण, तारण काय, चेक किती दिलेत, शेवटची नोटीस कधी. दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतात, म्हणजे विसरलेलं कार्ड किंवा मोबाईल ॲपचं लोन पण निघतं. त्या दिवशी "का घेतलंस" हा प्रश्न विचारायचा नाही, नुसतं लिहायचं. आणि तुम्ही लिहिलेल्या भिशीच्या देण्याचं पान पण त्यात घाला, त्या बायकांचे पैसे तुम्ही देणं लागता, तुमच्या पगारातून महिन्याला थोडे थोडे द्या आणि त्यांना तसं सांगा. मिस्टरांच्या पैशातून मात्र आत्ता एकाच ओळखीच्या माणसाचं सगळं फेडून बाकीच्यांना ठेवू नका, तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर असं दिलेलं परत मागता येतं.

मिस्टर रात्रभर जागे असतात, माझ्यानंतर विम्याचे पैसे येतील असं एकदा बोलून गेले, हे तुम्ही शेवटी लिहिलंय. ताई, हे मी सगळ्यात वर धरतो. आज रात्रीच सरळ विचारा, मनात जीव द्यायचं येतं का, विचारल्यानं ते वाढत नाही. १४४१६ ला टेलिमानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे, सरकारी, चोवीस तास, मराठीत बोलतात. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, बरोबर जा. एकटं ठेवू नका त्यांना काही दिवस, दिरांना हे पण सांगा. हिशेबात तुम्ही बघितलंच, हे देणं फिटणारं आहे.

नादारी कधी काढायची, तर फ्लॅटला भाव आला नाही, लिलाव झाला, आणि वर दहा-बारा लाख उरले, मग मी स्वतः म्हणेन अर्ज करा. म्हणून धंद्याची वह्या-बिलं, जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट एकही कागद फेकू नका. शेड रिकामं करताना रद्दीत घालतात लोक.

कार्ड आणि पर्सनल लोनची तडजोड लोकअदालतीत करता येते, दावा लागायच्या आधीसुद्धा, कोर्ट फी नाही. पण तिथं झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करा. पैसे बँकेतूनच भरायचे, आधी तडजोडीचं पत्र हातात घ्यायचं, मग भरायचं, आणि भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, घ्यायचं. क्रेडिट रिपोर्टवर सेटल्ड म्हणून काही वर्षं राहील, राहू दे.

वकिलाला पैसे नाहीत असं लिहिलंय तुम्ही. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्याच्या कोर्टातच आहे, १५१०० वर पण विचारता येतं. सोमवारी दोघं जा, ती वही, आधार, फ्लॅटचा करार, कर्जाची कागदं आणि बँकेची नोटीस न्या, पाकिटासकट न्या, कारण ६० दिवस कधीपासून मोजायचे ते ठरवताना नोटिशीवरची तारीख आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का दोन्ही बघायला लागतील.